झोपेचा प्रसाद

“मला शवासनात झोप लागत न्हाय, पोरी. कधी लागल्यागत दिसली, तर एकदा हलवून बघ मला.”

सरुबाई कांबळे हे बोलल्या तेव्हा त्या हॉलच्या पायरीवर बसून अक्षताच्या मुलीला मोजे घालत होत्या. शर्वी आठ महिन्यांची. डावा पाय मोज्यात जाईपर्यंत उजव्याचा मोजा काढून तोंडात घालणारी. अक्षता हसली.

“मावशी, तुम्हाला झोप लागली तर आम्ही पेढे वाटू,” ती म्हणाली आणि पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधायला लागली.

सरुबाई हसल्या नाहीत. “तीस वर्सं सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काढल्यात मी. झोपलेला माणूस आन् गेलेला माणूस लांबनं सारखाच दिसतोय बघ. हात लावल्याबिगर कळत न्हाय. मी एकटी राहती, म्हणून सांगून ठेवती.”

“सकाळी सकाळी काय हे बोलणं!”

किल्ली सापडली. विषय तिथंच राहिला.

तो हॉल म्हणजे कळंब्याच्या रस्त्याला असलेल्या कॉलनीतल्या तरुण मंडळाचा हॉल. एका कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ढोल, दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या गणपतीतल्या देखाव्याचा अर्धा किल्ला, आणि मधल्या मोकळ्या फरशीवर रोज सकाळी पावणेसहा ते सात चौदा बायकांचा योगवर्ग. शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम. आवाज इतका मऊ, की शटरबाहेर दूधवाल्याची मोटरसायकल थांबली तरी त्यांचं वाक्य ऐकायला यायचं नाही, मग बायका एकमेकींकडं बघून आसन करायच्या.

या वर्गाची एक रीत होती. शेवटी शवासनात पडल्यावर कुणाला खरंच झोप लागली, तर तिला उठवायचं नाही. अंगावर शाल टाकायची, चपला हातात घ्यायच्या, न बोलता बाहेर पडायचं, आणि शेवटच्या बाईनं शटर अर्धं खाली ओढायचं. हॉलला अकरापर्यंत दुसरं कुणी येत नसे. जिला झोप लागली तिला ‘प्रसाद मिळाला’ असं म्हणत. दुसऱ्या दिवशी तिची चेष्टा व्हायची. “काय गं, नवरा घोरतोय म्हणून इथं झोपायला येतीस व्हय?” पण त्या चेष्टेत हेवाच जास्त. चौदातल्या बारा बायकांच्या घरात त्यांच्या झोपेला कुणी झोप म्हणत नव्हतं. दुपारी जरा डोळा लागला की बेल वाजायची, कुकरची शिट्टी व्हायची, सासऱ्यांच्या गोळीची वेळ व्हायची. इथं मात्र तेरा जणी चवड्यावर चालत तुमची झोप राखायच्या.

अक्षतानं हा प्रसाद पहिल्याच आठवड्यात खाल्ला होता.

ती मूळची कागलची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. बाळंतपणानंतर तिला घरभर जंतूच दिसायला लागले, असं नवरा अतुल गमतीनं म्हणायचा. पण जंतूंचं एवढं नव्हतं. तिला शर्वीचा श्वास बघायचा असायचा. पोर झोपली की नाकाखाली बोट धरायचं. गरम लागलं की हुश्श. पाच मिनिटांनी परत. भाजी फोडणीला टाकली की परत. एकदा अतुलनं मोजलं, दुपारच्या तासाभराच्या झोपेत सतरा वेळा. त्यानं ते मोजलं म्हणून ती रडली, आणि ती रडली म्हणून तो तिला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. थोड्या गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, “योगासनं करा. चार बायकांत मिसळा.”

अतुलची गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पहिली पाळी, सहाला बाहेर पडायचा. त्यामुळं शर्वी सोबतच यायची. चौथ्या दिवशी शवासनात अक्षताला काळीकुट्ट झोप लागली. उठली तेव्हा हॉल रिकामा, अंगावर कुणाची तरी लोकरी शाल, आणि अर्ध्या शटरखालून आलेली उन्हाची पट्टी पायापर्यंत पोचलेली. ती धडपडत बाहेर आली. बाहेर गुलमोहराखाली सरुबाई शर्वीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होत्या. सव्वा तास झाला होता.

“मावशी, मला उठवायचं की हो!”

“कशाला? घरी कोण झोपू देतंय तुला?” सरुबाई म्हणाल्या. “पोरगीनं शू केली, मी बदलली. तुझ्या पिशवीत हात घातला, रागावू नको.”

त्या दिवसापासून अक्षता त्यांच्या शेजारची जागा धरायला लागली. सरुबाईंचं वय अडुसष्ट. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूल नाही. बरोबर साडेपाचला हॉल उघडून चौदा फोमच्या चटया अंथरायच्या. कुणाच्या गुडघ्याखाली उशी लागते, कुणाला भिंतीची बाजू लागते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचं घर चार गल्ल्या सोडून, पण वर्गातली एकही बाई त्या घरात कधी गेली नव्हती. अक्षताही नाही. “या की एकदा चहाला,” असं सरुबाई दर पंधरा दिवसांनी म्हणायच्या. सगळ्याजणी “येऊ की” म्हणायच्या.

श्वास बघायच्या सवयीवर मात्र वर्षाराणी मॅडमनीच उपाय सांगितला. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं.

“अक्षता, विचार म्हणजे पावणं. दारात आलं की या म्हणायचं. बघायचं त्याच्याकडं. पण चहा टाकायचा नाही. चहा टाकला की ते बसतंय, आणि बसलं की जेवूनच जातंय. नाही टाकला तर थोडा वेळ थांबतं, आणि आपल्या वाटेनं जातं.”

शेजारी चटया गुंडाळत असलेल्या सरुबाई म्हणाल्या, “मॅडम, आमच्यात पावण्याला चहाबिगर लावून दिलं तर गावभर बोलत्यात.”

सगळ्या हसल्या. अक्षतासुद्धा. पण तिनं ते मनावर घेतलं. बघायला जावंसं वाटलं की ती मनात म्हणायची, या. आणि हात मांडीखाली दाबून बसायची. पहिल्या दिवशी चार मिनिटं. दसऱ्यापर्यंत दहा. दिवाळीनंतर ती शर्वीला झोपवून अख्खी पोळ्यांची कणीक संपवायची आणि मगच बघायला जायची. शर्वी झोपेत दुपट्याची कड घट्ट धरायची, तोंडातून लाळेची तार गळत असायची, गाल एका बाजूला ओघळलेला. जिवंत, गरम. दरवेळी तसंच. दरवेळी तिची भीती खोटी ठरत होती. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हेच आपलं औषध, असं तिला हळूहळू पटत गेलं. अतुल म्हणाला, “सुटलीस बघ अक्षू.”

डिसेंबरातला गुरुवार होता. कळंब्याच्या तलावावरून आलेलं धुकं हॉलच्या दारापर्यंत आलेलं. सरुबाईंनी नेहमीसारख्या चटया अंथरल्या होत्या, फक्त एक चटई वाकडी पडली होती. अक्षतानं ती पायानं सरळ केली.

“डोकं जड झालंया जरा,” सरुबाई म्हणाल्या. “थंडी हाय न्हवं.”

शवासनाला पडायच्या आधी त्यांनी शर्वीच्या अंगावरची दुलई नीट केली. “झोपली बघ तुझी राणी,” असं म्हणाल्या. सहा पन्नास. भिंतीवरचं घड्याळ अक्षताच्या बरोबर समोर होतं.

सात वाजता मॅडमनी घंटी वाजवली. बायका कुशीवर वळल्या, उठून बसल्या. सरुबाई उठल्या नाहीत.

“अगं बाई, आज सरुबाईंना!”

“खरंच की! तीन वर्षांत पहिल्यांदा.”

“हळू बोल गं, उठवशील.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. जी बाई रोज सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते, तिला आज प्रसाद मिळाला होता. एकीनं मोबाईल काढून फोटो घेतला आणि तिथल्या तिथं वर्गाच्या ग्रुपवर टाकला. ‘आजचा प्रसाद’, पुढं दोन हात जोडलेले. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसत हसत बाहेर गेल्या. बाकीच्या चपला हातात घेऊन त्यांच्या मागोमाग.

अक्षता मागं राहिली, कारण शर्वीला उचलायचं होतं. शर्वीला उचलताना तिनं सरुबाईंकडं पाहिलं.

उजवं पाऊल जरा जास्तच बाहेर पडलं होतं. शवासनात पावलं बाहेर पडतातच, पण हे टाकून दिल्यासारखं. ओठांचा उजवा कोपरा ओघळलेला आणि तिथून लाळ चटईवर आलेली. आणि डावा हात. मॅडम रोज सांगायच्या, तळवे आकाशाकडं, बोटं सैल. सरुबाईंच्या डाव्या हातानं चटईची कड मुठीत धरली होती. नखं पांढरी पडेपर्यंत.

पावणं दारात आलं. ओळखीचंच होतं, रोजचं.

या, ती मनात म्हणाली.

झोपेत कड धरतात. शर्वी धरतेच की. लाळही तशीच, गालही तसाच. तिनं वाकून सरुबाईंच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. गरम. हुश्श. पायरीवर बसून सरुबाई काय म्हणाल्या होत्या ते आठवलं. ‘हलवून बघ मला.’ तिनं हात पुढं केला, खांद्याच्या इतका जवळ नेला की ब्लाउजच्या कापडाची ऊब लागली. मग बाहेरून कुणी तरी कुजबुजलं, “अक्षता, चल की! झोपू दे बिचारीला, घरी कोण हाय तिला चादर घालायला?”

आणि आपण परत तेच करतोय, असं तिला वाटलं. सतरा वेळा. हात मागं आला. तिनं स्वतःची शाल काढली, सरुबाईंच्या अंगावर हनुवटीपर्यंत घातली. ती मूठ शालीखाली गेली. शर्वीला घेऊन ती चवड्यावर बाहेर आली आणि शटर अर्धं खाली ओढलं. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू.

घरी आल्यावर पावणं परत आलं. शर्वीला अंघोळ घालताना आलं. सव्वानऊला, पोहे हलवताना आलं. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडम, सरुमावशी उठल्या का?’ आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. ग्रुपवर त्या फोटोखाली अकरा जणींनी बदाम टाकले होते. दहा वाजता फार झालं तेव्हा तिनं चहा टाकायचा नाही असं ठरवून, शर्वी खेळत असताना, खिडकीपाशी बसून पंधरा मिनिटं अनुलोम-विलोम केला. शिकवल्याप्रमाणं. डावीनं घ्यायचा, उजवीनं सोडायचा. मन शांत झालं. तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पावणेअकराला ती हॉलवर गेली ती शाल आणायला. असंच तिनं स्वतःला सांगितलं.

शटर तसंच अर्धं होतं. ती वाकून आत गेली. सरुबाई तिथंच होत्या, तशाच. फक्त डोळे उघडे होते. ते अक्षताकडं वळले. डाव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं होतं आणि कानाखालची चटई ओली होती. तिनं शाल ओढून काढली. डाव्या हातानं चटईची कड ओरबाडून काढली होती. फोमचे निळे तुकडे फरशीवर पडले होते, नखांत भरले होते.

“मावशी! मावशी, मी आहे!”

सरुबाईंच्या तोंडातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. पण तो फार वेळ वाट बघून आलेला होता, हे कुणालाही कळलं असतं.

ॲम्ब्युलन्सवाल्यानं पत्ता विचारला, तो तिला सांगता आला. पेशंटचं घर विचारलं, ते सांगता आलं नाही. नातेवाईक विचारले. वर्गाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि मोबाईल होता. सरुबाईंच्या नावापुढं त्यांचाच नंबर. अक्षतानं घाईत तो लावला, आणि हॉलमधल्याच पिशवीत फोन वाजायला लागला.

दवाखान्यात अकरा पस्तीसला पोचले. तरुण डॉक्टर, पट्पट् बोलणारा.

“शेवटचं नीट बोलताना कधी बघितलं यांना?”

“सहा पन्नास.”

“नक्की?”

“समोर घड्याळ होतं.”

त्यानं मनगटावर पाहिलं. “साडेचार तासांच्या आत असतं, तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता ते देता येणार नाही.” तो चिडून बोलला नाही. कागदावर लिहीत लिहीत बोलला. “पंधरा मिनिटं गेली वरती. तरी बघू.”

ती पंधरा मिनिटं कुठं गेली ते अक्षताला माहीत होतं. डावीनं घ्यायचा, उजवीनं सोडायचा.

सरुबाई वाचल्या. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. पिशवीतल्या फोनवरून कोडोलीचा भाचा सापडला, कृष्णात. तो दुपारी मोटरसायकलवर आला, वॉर्डाबाहेर चपला काढून उभा राहिला. प्रत्येक बाईला हात जोडून म्हणाला, “लई उपकार झालं तुमचं. तुम्ही होता म्हणून आत्या वाचली.” बायकांनी डोळे पुसले. अक्षता भिंतीकडं बघत राहिली. संध्याकाळी तिनं ग्रुप उघडला. फोटो होता तिथं ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच होतं. पण तिच्या फोनमध्ये तो सेव्ह झालेला होता. बोटांनी ताणून मोठा केला, की पांढरी नखं दिसायची. शालीच्या आधीचा फोटो. अकरा जणींनी तो पाहिला होता, पण कुणी मोठा केला नव्हता.

अतुलला तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू काय डॉक्टर हैस? चौदा बायका होत्या तिथं. तूच एकटी का डोक्यात घेतीस?”

“बाकीच्यांना दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.”

“तुला रोजच काय तरी दिसतंय, अक्षू,” तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही. तो खरंच तिची समजूत काढत होता.

वर्ग आठवडाभर बंद राहिला, मग सुरू झाला. चटया आता जिच्या तिनं अंथरायच्या ठरल्या. मॅडमनी पहिल्या दिवशी सरुबाईंसाठी तीन ओंकार म्हणायला लावले. अक्षताला वाटलं, आता ती रीत तरी बदलेल. तिनं विचारलंही. मॅडम म्हणाल्या, “अगं, ती बिचारी रीत काय करणार? होणारं होतं.” पंधराव्या दिवशी एका बाईला झोप लागली. बायका हसून चपला हातात घ्यायला लागल्या. अक्षता उठली आणि तिनं त्या बाईला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. ती किंचाळतच उठली. चार दिवसांनी दुसरीला. तिसऱ्या वेळी एकजण तोंडावर म्हणाली, “आम्ही इथं घटकाभर विसावा घ्यायला येतो बाई. तुझी ड्यूटी लागलीया काय?”

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. तोच मऊ आवाज. “अक्षता, अपराधी वाटणं हेपण पावणंच आहे. त्याला चहा टाकू नकोस. आणि थोडे दिवस घरीच कर हवं तर.”

ती घरीच राहिली. आसनं सुटली. श्वास बघणं परत सुरू झालं. सतरावरून तिसावर गेलं, पण आता अतुल मोजत नव्हता.

कोडोलीला ती तीनदा गेली. दूध संस्थेच्या मागं कृष्णातचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सरुबाईंची ट्रंक. आतल्या खोलीत खिडकीपाशी खाट. माणसं चांगली होती. कृष्णात कारखान्यात कामाला. त्याची बायको सकाळी जनावरांचं उरकून आत्याला पुसून, पावडर लावून, केस विंचरून ठेवायची. अक्षता हे सगळं बघायची. बघण्याखेरीज तिला काय येत होतं!

पहिल्या खेपेला सरुबाईंनी शर्वीकडं डावा हात केला. शर्वी आता उभी राहत होती. ती खाटेला धरून उभी राहिली आणि त्यांचं बोट तोंडात घातलं. सरुबाईंचा अर्धा चेहरा हसला.

दुसऱ्या खेपेला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अक्षता खाटेच्या कडेला बसली.

“मावशी, मला त्या दिवशी दिसलं होतं,” ती म्हणाली. “तुमचा हात दिसला होता मला. तुम्ही सांगितलेलं आठवलंही होतं. मी खांद्यापर्यंत हात आणला होता. मग शाल घातली तुमच्या हातावर. मीच घातली.”

सरुबाई तिच्याकडं बघत होत्या. ते माहीत नसल्यासारखं नव्हतं त्यांचं बघणं. तेव्हा अक्षताला कळलं. त्यांना त्या सकाळचं सगळं माहीत होतं. त्या जाग्या होत्या. घंटी ऐकली होती, ‘हळू बोल गं’ ऐकलं होतं, मोबाईलची टिकटिक ऐकली होती. नाकाखाली आलेलं बोट त्यांना लागलं होतं. खांद्याजवळ आलेल्या हाताची ऊब कळली होती, आणि ती मागं गेलेलीही. आणि मग सावकाश, त्यांची झोप मोडू नये म्हणून, खाली आलेलं शटर.

सरुबाईंनी डोळे मिटले.

“मावशी?” अक्षतानं हाक मारली. खांद्याला हात लावला. हलवलं. परत हलवलं. “मावशी, बघा की माझ्याकडं. मावशी!”

कृष्णातची बायको पदराला हात पुसत आत आली. “झोपल्या वाटतं. राहू द्या ताई, झोपू द्यात.”

“त्या झोपलेल्या नाहीत.”

“आता डोळं मिटल्यात न्हवं?” ती हसून म्हणाली. “बसा, चहा टाकते.”

सरुबाईंचा डावा हात गोधडीवर होता. त्यांनी गोधडीची कड मुठीत धरली होती. अक्षता तो हात सुटायची वाट बघत बसली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. हात सुटला नाही, डोळे उघडले नाहीत.

तिसऱ्या खेपेला तिचा आवाज ओसरीवर ऐकू आला आणि त्या भिंतीकडं वळल्या. एका बाजूनं वळायला त्यांना केवढा जोर लावावा लागला असेल. त्यानंतर चार दिवसांनी कृष्णातचा फोन आला. बोलायला त्याला जड जात होतं.

“ताई, राग मानू नका. तुमचा जीव हाय आत्यावर, आमाला ठावं हाय. पर तुम्ही येऊन गेला की आत्या दोन-दोन दिस खात न्हाय. काय हुतंय ते तिला सांगता येत न्हाय, आमाला कळत न्हाय. तवा तुम्ही... येऊ नगा.”

“बरं,” अक्षता म्हणाली. “त्यांना दिवसा झोप लागत नाही हो. डोळे मिटलेले दिसले तरी लागत नाही. तेवढं…”

“व्हय व्हय,” कृष्णात म्हणाला. “आमी अजाबात उठवत न्हाय. पोरास्नीबी दंगा करू देत न्हाय तिकडं. निवांत झोपू देतो तिला.”

फोन ठेवून अक्षता आत गेली. शर्वीच्या नाकाखाली बोट धरलं. गरम होतं. त्यावरून काही कळत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तरी बोट धरलं.

तिला आता तिकडं जाता येत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगायचं. कधी कोडोलीला गेलात, बाजाराला, लग्नाला, कशालाही, तर दूध संस्थेच्या मागं निळ्या दाराचं घर आहे. पावणं आलं म्हणून चहा होईल, तो घ्या. मग त्या घरातली माणसं म्हणतील, आत्या झोपल्यात, राहू द्या. चांगल्या मनानंच म्हणतील. तेवढं ऐकू नका. आत जा. डावा हात बघा. गोधडी वर ओढलेली असेल तर बाजूला करून बघा. कड मुठीत असेल तर त्या जाग्या आहेत. खांद्याला हात लावा, नीट लावा, आणि हलवा. सरुबाई म्हणून नावानं हाक मारा, आणि डोळे उघडेपर्यंत थांबा.

अक्षताचं नाव मात्र सांगू नका.